दोन वेली, एक नाव? सह्याद्रीतली कंदीलफुलं ओळखायची कशी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही धागा लागेल. सासवडकडच्या माळावर निवडुंगाच्या कुंपणात तुम्हाला कंदीलफुलाच्या दोन वेली दिसल्या. फुलं हुबेहूब सारखी, पण एका वेलीचं पान रुपयाएवढं गोल आणि मांसल, तर दहा पावलांवरच्या दुसरीचं गवतासारखं अरुंद. मोबाईलच्या ॲपने त्यांना दोन वेगळी नावं दिली. त्याच पावसाळ्यात रत्नागिरीच्या सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) आणि जुन्नरच्या एका डोंगरावर तुम्ही गवतात उभी वाढलेली रोपं पाहिली. दोन्हींची पानं अरुंद, दोन्हींना ॲपने सेरोपेजिया अटेन्युआटा म्हटलं. सेरोपेजिया हे कंदीलफुलांच्या प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, शास्त्रीय नाव. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, 'इतक्या जाती खरंच आहेत, की पानाचा आकार बदलला की नवं नाव दिलं जातं?'

माझं उत्तर असं की कुंपणातल्या वेली दोन नाहीत, एकच जात आहे. आणि गवतातली रोपं एक नाहीत, बहुधा दोन जाती आहेत. ॲप दोन्हीकडे एकाच कारणाने चुकलं. त्याने पान पाहिलं. या गटात पानावर विसंबून चालत नाही, हे मला समजायला बरीच वर्षं लागली. गेल्या अठ्ठावीस वर्षांत एकही भाद्रपद मी घरात काढलेला नाही. त्या भरवशावर आता सविस्तर लिहितो.

आधी हे रोप वर्षभर करतं काय ते पाहू, कारण ओळखीतल्या निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात. सेरोपेजियाचा जीव असतो जमिनीखालच्या कंदात. मृगाचा पाऊस पडला की कंदाला कोंब येतो, श्रावण-भाद्रपदात फुलं येतात, दसऱ्याच्या आसपास शेंगेसारखी लांब निमुळती फळं तडकतात आणि रेशमी केसांचा झुपका असलेलं बी वाऱ्यावर जातं. दिवाळीनंतर त्या जागी जाऊन पाहिलं तर जमिनीवर काहीच नसतं. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने ही वनस्पती दिसतच नाही, आणि दिसते तेव्हा घाटमाथ्यावर धुकं, निसरडे कडे आणि गुडघाभर गवत असतं. गुराखी मुलं मात्र तिला बरोबर शोधतात, कारण कंद खाता येतो. खरपुडी, हामण ही नावं त्यांनीच जिवंत ठेवली आहेत. पण खरपुडी हे एका जातीचं नाव नाही हे लक्षात ठेवा. ज्याला कंद हवा आहे त्याच्या दृष्टीने ज्या ज्या रोपाखाली खाण्याजोगा कंद निघतो ते सगळं खरपुडी. त्याचं वर्गीकरण त्याच्या कामापुरतं अगदी बरोबर आहे. आपलं काम वेगळं, म्हणून आपल्याला फुलात शिरावं लागतं.

फुलात शिरावं लागतं हे मी शब्दशः म्हणतोय. कंदीलफूल ही माशी कोंडण्याची जागा आहे. खाली फुगीर बुंधा, त्यावर अरुंद नळी, नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्या आणि त्या पाकळ्यांची टोकं वर एकमेकांना जुळलेली. त्यामुळे मध्ये पाच खिडक्या उरतात आणि फुलाला कंदिलाचा आकार येतो. वासाने आणि रंगाने ओढल्या गेलेल्या चिमुकल्या माश्या खिडकीतून आत येतात आणि नळीतून खाली बुंध्यात उतरतात. नळीच्या आत खाली वळलेले ताठ केस असतात. उतरताना ते आडवे येत नाहीत, वर चढू मात्र देत नाहीत. माशी एखादा दिवस आत कोंडून राहते. त्या वेळात तिच्या सोंडेला परागपुंजांची, म्हणजे परागकणांच्या घट्ट गोळ्यांची, जोडी चिकटते. पुढे केस कोमेजतात, उभं फूल कलतं आणि माशी बाहेर पडते. रुईच्या फुलात जशी परागपुंजांची जोडी असते तशीच ही व्यवस्था. रुई, हरणदोडी, अनंतमूळ आणि कंदीलफूल ही सगळी एकाच गोतातली. पूर्वी या सर्वांचं स्वतंत्र रुई कुल मानत. आता ते करवीर कुलात, म्हणजे कण्हेरीच्या कुलात सामावलं आहे.

बुंध्याच्या तळाशी, परागपुंजांच्या भोवती, एक छोटी नक्षीदार रचना असते. वनस्पतिशास्त्राच्या मराठीत तिला तोरण म्हणतात. ती दोन फेऱ्यांची असते. बाहेरच्या फेरीची पाच दलं बहुधा दुभंगलेली आणि तळाशी जुळून वाटीसारखी झालेली, आतल्या फेरीची पाच दलं उभी, कधी दोऱ्यासारखी, कधी टोकाला चमच्यासारखी रुंद. बाहेरची दलं किती खोल दुभंगली आहेत, त्यांच्या कडांना केस आहेत का, आतली दलं सरळ आहेत की टोकाला बाहेर वळलेली, एकमेकांना टेकतात की नाही, याच्यावर जाती ठरतात. माशीला जिथे नेमकं बसावं लागतं, परागपुंज जिथे नेमका अडकावा लागतो, तो हा भाग. इथे फार ढिलाई चालत नाही, म्हणून इथला आकार पानाच्या मानाने स्थिर राहतो. पान हे कातळावरच्या पाण्याशी, उन्हाशी आणि शेजारच्या गवताशी जुळवून घेत असतं, ते बदलणारच.

आता तुमच्या सासवडच्या वेली. ती सेरोपेजिया बल्बोसा. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने 1795 मध्ये कोरोमंडल किनाऱ्याकडच्या झाडांवरून ती वर्णिली. पुढे, 19व्या शतकात, पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेची देखरेख करणाऱ्या डॉ. लश यांच्या नावाने सेरोपेजिया लशिआय ही जात मांडली गेली. वेगळेपण काय, तर पान अरुंद. नंतरच्या अभ्यासकांनी तिची जात मोडून बल्बोसाचा नुसता प्रकार केला, आणि आज बहुतेक जण तोही वेगळा मानत नाहीत. कारण तुम्ही पाहिलंत तेच आहे. एकाच बांधावर गोल पानाची, लंबगोल पानाची, भाल्यासारख्या पानाची आणि अगदी दोरीसारख्या पानाची झाडं मिळतात, आणि मधल्या सगळ्या पायऱ्याही मिळतात. दोन टोकांचे दोनच नमुने हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कागदावर चिकटवले तर दोन जाती दिसतात. त्या बांधावर अर्धा तास चाललात तर एकच दिसते. मी विद्यार्थ्यांना एक काम नेहमी सांगतो. एका जागेच्या निदान वीस झाडांची पानं मोजा, नुसतं सर्वांत मोठं आणि सर्वांत छोटं नको. मधली झाडं आहेत की नाहीत हाच खरा प्रश्न असतो. दोन रूपांच्या मध्ये रिकामी जागा असेल, आणि ती दरवर्षी, प्रत्येक जागी रिकामीच राहत असेल, तर तिथे जातीची सीमा असण्याची शक्यता आहे. मधली झाडं भरपूर असतील तर ती नुसती विविधता.

सेरोपेजिया हिर्सुटा हे याचंच आणखी एक उदाहरण. हा वेल सह्याद्रीच्या उतारांवर गवतात, झुडपांवर चढलेला सहज दिसतो. फुलाचा रंग कुठे हिरवट, कुठे जांभळ्या ठिपक्यांचा, कुठे इतका गडद की कंदील काळपट वाटावा. अंगावरची लव कुठे दाट, कुठे नावापुरती. एकेकाळी यातल्या काही रूपांना स्वतंत्र नावं होती, आता ती समनामांच्या, म्हणजे त्याच जातीच्या रद्द झालेल्या नावांच्या, यादीत गेली. फुलाच्या रंगावरून मी आजही कोणतंच नाव देत नाही. एकाच वेलीवरचं सकाळी उमललेलं फूल आणि दोन दिवसांचं फूल शेजारी धरून पाहा, रंगाचा भरवसा किती धरायचा ते कळेल.

मग प्रश्न येतो, विविधता इतकी आहे तर सह्याद्रीतल्या एवढ्या जाती खऱ्या कशा? त्याचं उत्तर डोंगरात आहे, आणि या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे.

भारतात, प्रजातीच्या जुन्या व्याख्येप्रमाणे (नवी कोणती ते पुढे येईल), साठेक जाती आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. महाराष्ट्राच्या वाट्याला यातल्या वीसहून अधिक. त्यांच्या नोंदी नकाशावर मांडल्या की दोन गट पडतात. एक गट पसरट. बल्बोसा दख्खनच्या कोरड्या माळांपासून राजस्थान-गुजरातपर्यंत काटेरी झुडपांच्या आधाराने राहते. हिर्सुटाचा पसाराही मोठा आहे. दुसरा गट अगदी छोट्या ठिपक्यांचा, आणि हे ठिपके जवळजवळ सगळे घाटमाथ्याच्या कडेकडेने किंवा कोकणच्या जांभ्या सड्यांवर. अंजनेरिका त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर, पांचगणिएन्सिस पाचगणी-महाबळेश्वरच्या परिसरात, जैनाय कासच्या आणि त्यासारख्या उंच सड्यांवर, मोहनरामी आणि कोंकणेन्सिस कोकणच्या कातळावर, फॅन्टास्टिका उत्तर कन्नड, गोवा आणि सिंधुदुर्गाच्या जंगलपट्ट्यात. फॅन्टास्टिकाच्या पाकळ्यांचा पिंजरा इतका वेगळा आहे की तिला नाव देणाऱ्या, सनदी अधिकारी असलेल्या सेजविकला दुसरं विशेषणच सुचलं नसावं.

हे ठिपके तयार का होतात? सह्याद्रीचा घाटमाथा आपल्याला सलग वाटतो, पण कंदीलफुलाच्या दृष्टीने तो बेटांचा समूह आहे. त्याला हवी असते पातळ मातीची, उघड्या उन्हाची, भरपूर पावसाची पण पाणी न साचणारी जागा, म्हणजे कड्याची धार, कपारीतली मातीची पट्टी, सड्याच्या कडेचा गवताळ उतार. खालच्या दाट जंगलात ते सहसा जगत नाही, पूर्वेकडच्या कोरड्या माळावर बहुतेक उभ्या (वेल न होता ताठ वाढणाऱ्या) जाती जगत नाहीत. एका गडाच्या माथ्यापासून दुसऱ्या गडाच्या माथ्यापर्यंत त्याच्यासाठी अडचणीचा समुद्रच. बी वाऱ्याने उडतं हे खरं, पण बी किती? बहुतेक फुलांना फळ धरतच नाही, कारण ते सगळं एका चिमुकल्या माशीने दोन वेगवेगळ्या झाडांच्या कंदिलांत कोंडून घेण्यावर अवलंबून आहे. मग फळ थोडं, बी थोडं, आणि सुयोग्य जागी पडणारं बी त्याहून थोडं. हजारो वर्षं अशी अलग पडलेली कुटुंबं आपापल्या डोंगरावर बदलत राहिली. म्हणून जुन्नरची जात अंजनेरीच्या जातीची चुलत बहीण असूनही वेगळी होते.

या उभ्या जातींची ओळख होण्याचा इतिहासही डोंगरांच्याच क्रमाने गेला आहे. लिनीअसने 1753 मध्ये सेरोपेजिया हे नाव दिलं ते मलबारच्या झाडावरून. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मेणाचा कारंजा. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हुकरने 1883 मध्ये लॉ या मुंबई इलाख्यातल्या अधिकाऱ्याने जमवलेल्या नमुन्यावरून लॉआय ही जात लिहिली. नंतर ती बराच काळ जवळजवळ विस्मरणात गेली आणि पुढे हरिश्चंद्रगडावर नीट ओळखली गेली. त्यानंतर मुंबईचे फादर ब्लॅटर आणि चार्ल्स मॅक्कॅन. मॅक्कॅनचं नाव मॅक्कॅनाय या जातीत राहिलं आहे. जर्मनीत हर्बर्ट ह्युबर यांनी 1957 मध्ये जगभरच्या सगळ्या प्रजातीचा आढावा घेतला. आणि मग पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या मंडळींनी जे काम केलं त्याला तोड नाही. हेमाद्रींनी जुन्नरचे डोंगर पायाखाली घातले. रोले आणि महाबळेई या दोन जाती त्या कामातून पुढे आल्या. एक रोल्ला शेषगिरी राव यांच्या, दुसरी पुणे विद्यापीठाच्या प्रा. महाबळे यांच्या नावाने. अन्सारींनी सह्याद्रिका, नूरजहानी, जैनाय, ह्युबराय अशा जाती एकट्याने किंवा सहकाऱ्यांबरोबर मांडल्या आणि 1984 मध्ये भारतातल्या सगळ्या जातींचा एकत्र आढावा लिहिला. त्या पुस्तिकेची माझी प्रत पावसात भिजून फुगली आहे, पाठ सुटली आहे, तरी अजून तीच बरोबर नेतो. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा वारसा चालवला. 2006 मध्ये अंजनेरिका आणि मोहनरामी, 2012 मध्ये कोंकणेन्सिस आणि 2023 मध्ये विशाळगडावरची शिवरायीना, जिला शिवछत्रपतींचं नाव दिलं गेलं.

आता तुमच्या शंकेवर येतो. गेल्या वीस वर्षांत नव्या जाती का वाढल्या? नाव देण्याचा सोस आहे का? मला तसं वाटत नाही. याची दोन साधी कारणं आहेत. पहिलं, भर भाद्रपदात कड्यावर जाणारी माणसं वाढली. दुसरं अधिक महत्त्वाचं आहे. जुन्या संग्रहातलं कंदीलफूल म्हणजे कागदात दाबलेला चपटा तपकिरी डाग. पिंजरा मोडलेला, बुंधा चपटा झालेला, तोरण आत कुठेतरी चिकटलेलं. ते गरम पाण्यात फुगवून उलगडता येतं, पण वाटी किती खोल होती, आतली दलं कुठे टेकत होती, हे कळणं कठीण. जिवंत फूल उभं चिरून पाहायला लागल्यावर दिसलं की एका नावाखाली वेगवेगळी तोरणं होती. म्हणजे जाती नव्याने तयार झाल्या नाहीत, आपण त्या आता पाहिल्या. पण तुमचा संशय अगदीच निराधार आहे असंही मी म्हणणार नाही. ज्या जातींचं वर्णन मोजक्या झाडांवरून, एकाच जागेवरून झालं आहे त्यांची तपासणी पुन्हा पुन्हा व्हायला हवी. लशिआयचं जे झालं ते यातल्या एखाद्या नावाचं उद्या होऊ शकतं. विशेषतः रुंद पानांच्या उभ्या जातींमध्ये, लॉआय, मॅक्कॅनाय, सह्याद्रिका आणि त्यांच्या शेजाऱ्यांत, एका डोंगरावरची मापं दुसऱ्या डोंगरावरच्या मापांत मिसळताना मी पाहिली आहेत. तिथे मी चिठ्ठीवर जातीचं नाव लिहिताना पुढे प्रश्नचिन्ह टाकतो. ते टाकायला लाजू नका.

नावांचा एक आणखी गोंधळ आहे, तो थोडक्यात सांगून टाकतो, नाहीतर इंटरनेटवर पाहताना तुम्ही अडखळाल. 2017 मध्ये ब्रुइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे असं मांडलं की ब्रॅकिस्टेल्मा ही शेजारची प्रजाती आणि निवडुंगासारख्या मांसल दिसणाऱ्या माकडशिंगाच्या गोतातल्या प्रजाती या सगळ्या सेरोपेजियाच्या फांद्यांमधूनच निघाल्या आहेत. म्हणून त्या सगळ्यांना सेरोपेजियातच घ्यावं. त्यामुळे जातींची संख्या दोनशेच्या आसपासवरून एकदम सातशेच्या पुढे जाते. वंशावळीच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं भक्कम आहे. पण त्याचा अर्थ असा की रानभाजी म्हणून आपण खातो ते माकडशिंग, मालवणच्या सड्यावरचं ब्रॅकिस्टेल्मा मालवणेन्सी आणि कड्यांवरची आपली शिंदळ माकुडी हे सगळं सेरोपेजिया. शिंदळ माकुडीला वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या नावावरून फ्रेरिया इंडिका म्हटलं. ती आजवर कॅरालुमात गेली, बुसेरोसियात गेली आणि आता सेरोपेजियात. शिवनेरी-पुरंदरच्या कड्यावर ती मात्र आहे तिथेच आहे. सगळे अभ्यासक हा बदल मानत नाहीत. मी स्वतः रानातल्या टिपणांत जुनीच व्याख्या वापरतो, कारण कंदील असलेलं ते कंदीलफूल एवढी खूण तरी शिकणाऱ्याच्या हाताशी राहते. तुम्ही कोणती व्याख्या वापरली ते लिहून ठेवा म्हणजे झालं.

आता तुमच्या जुन्नरच्या आणि रत्नागिरीच्या रोपांकडे. दोन्ही उभी, दोन्ही गवतासारख्या पानांची. गवताळ सड्यावर असं पान असणं सोयीचंच आहे, त्यामुळे एकमेकांच्या जवळच्या नसलेल्या जातींतही ते येऊ शकतं. ॲपला ते पान दिसलं आणि त्याच्याकडे सर्वांत जास्त फोटो अटेन्युआटाचे, म्हणून त्याने तेच नाव दिलं. रत्नागिरीच्या रोपाबद्दल ते बरोबर असू शकतं. अटेन्युआटा कोकणच्या सड्यांवर मिळतेच, पण तिथे कोंकणेन्सिसही आहे, म्हणून तोरण पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही. जुन्नरच्या फोटोत मात्र फूल चांगलंच लांब आणि हिरवट दिसतंय, आणि जागा महाबळेईच्या मूळ जागेपासून फार दूर नाही. माझा कौल महाबळेईकडे. तरी हा कौलच समजा, निकाल नको. तुमच्या फोटोत फूल बाजूने आणि दुरून घेतलं आहे, पिंजऱ्याची टोकं फोकसमध्ये नाहीत आणि आतलं तर काहीच दिसत नाही.

पुढच्या वेळी फोटो कसा घ्यायचा ते सांगतो. पूर्ण रोप, बुडापासून टोकापर्यंत, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून. खोडाच्या मधल्या पानाची दोन्ही अंगं, कारण बुडाची पानं आणि शेंड्याची पानं वेगळी असतात. फूल बाजूने, वरून आणि खिडकीतून आत. एका पेऱ्याला एकच फूल आहे की तीन-चारांचा घोस. फूल देठावर ताठ उभं आहे की वळलेलं. फुलाला लव आहे का, असेल तर पाकळीच्या कोणत्या अंगाला. तोरणासाठी फूल तोडावं लागतं, पण ते तोडू नका. कंदीलफुलं एकेक करून गळतात, एक-दोन दिवसांपूर्वी गळलेलं फूल बुडाशी गवतात सापडतं. ते हलक्या हाताने उचला, ब्लेडने उभं चिरा, दहा पट भिंगातून पाहा आणि मोबाईल भिंगाला टेकवून फोटो घ्या. कोमेजलं असलं तरी तोरण शाबूत असतं. अशी गळलेली फुलं मी एका छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवतो. दाबून वाळवलेल्या दहा फुलांपेक्षा ती एक बाटली उपयोगी पडते.

कंद मात्र कधीही उकरू नका. कंदावरूनही ओळखीला मदत होते, जुन्या वर्णनांत त्याचे आकार दिलेले आहेत, तरीही नको. एखाद्या डोंगरावर जातीची झाडंच मोजकी असतात, आणि साळिंदर, रानडुक्कर, जनावरांचे खूर, वणवा यांतून ती टिकलेली असतात. कोकणात तर सडे चिऱ्यांच्या खाणींसाठी आणि आंबा-काजूच्या बागांसाठी सपाट होत आहेत. सड्याला आपण पडीक म्हणतो, कागदोपत्री तो तसा लिहिलाही जातो, आणि एका हंगामात जेसीबीने त्यावरची मातीची पातळ साय निघून जाते. तिच्याबरोबर असं काही जातं जे जगाच्या पाठीवर फक्त तिथेच होतं. कोल्हापूरच्या विद्यापीठाच्या बागेत अनेक जाती जपल्या आहेत, ऊतिसंवर्धनाने वाढवून काही परत रानात लावल्याही गेल्या आहेत. अंजनेरीला राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, कास 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या सह्याद्रीचा भाग आहे. तरी कुंडीत वाढलेल्या रोपाला त्याची माशी आणि त्याचा डोंगर मिळाल्याशिवाय ती जात टिकली असं मी म्हणणार नाही.

जागेबद्दल एक विनंती. तुम्ही फोटोबरोबर नकाशावरची अचूक खूण टाकली आहे, ती आजच काढा. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका दुर्मीळ उभ्या जातीची जागा मोठ्या उत्साहाने एका गटात सांगितली. पुढच्या भाद्रपदात गेलो तर त्या कपारीतलं गवत पायाखाली तुडवून चिखल झाला होता. फोटोत गवत आड येतं म्हणून कुणीतरी आजूबाजूचं गवत उपटलेलं, आणि मी मोजलेल्या सतरा झाडांपैकी चार उरलेली. कुणी मुद्दाम नुकसान केलं नव्हतं. सगळी हौशीच माणसं होती, आणि ती तिथे आली ती माझ्या सांगण्यावरून. तालुक्याचं नाव लिहा, डोंगराचा प्रकार लिहा, उंची लिहा, माती जांभ्याची की काळ्या पाषाणाची ते लिहा. अभ्यासकाला एवढ्यावर पुष्कळ समजतं. नेमकी जागा वहीत ठेवा आणि खरंच काम करणाऱ्याला समोरासमोर सांगा.

सासवडच्या बांधाबद्दल तुम्हाला एक काम देतो, कारण ते तुमच्या घराजवळ आहे आणि बल्बोसा दुर्मीळ नसल्याने तिला त्रास होणार नाही. येत्या श्रावणात त्या कुंपणाच्या वीस वेलींची पानं झाडावरच मोजा, लांबी आणि रुंदी, प्रत्येक वेलीची मधली तीन पानं. वेल सावलीत आहे की उन्हात, तेही लिहा. पुढच्या वर्षी त्याच वेली पुन्हा मोजा. अरुंद पानाची वेल अरुंदच राहते, की पाऊस चांगला झाला की रुंद होते? हे एका जागी सलग पाच-सहा वर्षं मोजलेलं मला हवं आहे, आणि त्या बांधावरून रोज जाणारा माणूस तुम्ही आहात, मी नाही. जुन्नरच्या रोपाखाली गळलेलं एखादं फूल सापडलं तर बाटलीत घालून ठेवा. भाद्रपदाच्या शेवटी मी त्या बाजूला असतो, भिंग घेऊन येईन.